ब्लेअरचा वेढा : दोन अंकी नाटकाच्या उभारणीच्या नोंदी

२ जून

आजपासून या नोंदी नियमित ठेवणार आहे. परदेशातील ऐतिहासिक विषयावरचे साहसनाट्य हौशी संस्थेच्या ताकदीत उभे करायचे, तर नेमके काय अंगावर येते, याची टिपणे कुठे मिळाली नाहीत. पुढच्या मंडळींना ती मिळावीत, एवढाच हेतू आहे. आम्ही सांगलीतील नऊ नट आहोत. नाटकाचा एकूण खर्च नव्वद हजार रुपयांत बसवायचा आहे आणि प्रयोग नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आहे.

विषय १७४५-४६ च्या जेकोबाइट उठावाचा आहे. जेकोबाइट म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याला ब्रिटनचे सिंहासन परत मिळावे म्हणून लढणारे. ही स्कॉटलंडमधील ॲथॉलच्या ड्यूक घराण्यातल्या तीन भावांची गोष्ट आहे. थोरला विल्यम, म्हणजे मार्क्विस ऑफ ट्युलिबार्डिन, १७१५ च्या अशाच उठावात गेला आणि राजद्रोही ठरून वारसा गमावून बसला. संसदेने कायदा करून तो वारसा मधल्या जेम्सला दिला आणि १७२४ मध्ये वडील वारल्यावर जेम्स ड्यूक झाला. धाकटा लॉर्ड जॉर्ज १७१५ आणि १७१९ अशा दोन्ही उठावांत लढला, पुढे माफी मिळवून घरी परतला आणि वीस वर्षे संसार व शेतीवाडी पाहत राहिला. १७४५ मध्ये राजपुत्र चार्ल्स स्टुअर्ट उतरल्यावर विल्यम आणि जॉर्ज त्याच्याकडे गेले, जेम्स सरकारकडे राहिला. मार्च १७४६ मध्ये जॉर्जने आपल्याच वडिलोपार्जित ब्लेअर किल्ल्याला वेढा घातला आणि त्याच्या छपरावर तापवलेले गोळे डागले. ब्रिटनमध्ये एखाद्या किल्ल्याला पडलेला तो शेवटचा वेढा मानला जातो. आमचे नाटक या वेढ्याचे आहे.

१६ जून

पहिले वाचन झाले आणि दोन अडचणी लगेच दिसल्या.

पहिली अडचण आडनावाची आहे. या घराण्याचे आडनाव ‘मरे’. ‘जॉर्ज मरे आला’ हे वाक्य मोठ्याने वाचताच बैठकीत हशा पिकला, आणि प्रेक्षागृहातही तेच होणार हे उघड होते. संहितेतून आडनाव पूर्णपणे काढले. लॉर्ड जॉर्ज, ड्यूक जेम्स आणि ट्युलिबार्डिन एवढीच नावे ठेवली. परकी नावे कागदावर ठरवू नयेत, तोंडाने उच्चारून ठरवावीत.

दुसरी अडचण संबोधनाची होती. इंग्रजीत तिघेही एकमेकांना एकाच सर्वनामाने बोलावतात. मराठीत तसे चालत नाही. जॉर्जने विल्यमला ‘आपण’ म्हणावे हे सर्वांना पटले, कारण तो थोरला असून तीस वर्षांचा वनवास भोगून आला आहे. जेम्सच्या बाबतीत मात्र जॉर्ज काय म्हणेल यावर तासभर चर्चा झाली. शेवटी पत्रांत ‘आपण’ आणि स्वगतात ‘तू’ असे ठरले. या एका निर्णयाने जॉर्जची भूमिका उलगडली, असे ती करणाऱ्या नटाने सांगितले. भावाबद्दलची माया त्याला केवळ एकांतात बोलता येते, हे त्याला सर्वनामांवरून कळले.

७ जुलै

काल मोठी चूक लक्षात आली. ती सविस्तर लिहितो, कारण तिच्यात पाच आठवडे आणि बारा हजार रुपये गेले.

पहिल्या खर्ड्यात नाटकाचा कळस म्हणजे ब्लेअरच्या दिवाणखान्यात जेम्स आणि जॉर्ज यांचे तलवारयुद्ध होते. त्यासाठी कोल्हापूरच्या मर्दानी खेळाच्या एका वस्तादांना मानधन देऊन दोघा नटांचा सराव मे महिन्याच्या अखेरीसच सुरू केला होता, आणि तो चांगला रंगतही होता. काल संहितेसाठी तारखांचा तक्ता करायला बसलो, तेव्हा दिसले की ड्यूक जेम्स वेढ्याच्या काळात किल्ल्यात नव्हताच. ऑगस्ट १७४५ मध्ये राजपुत्राची फौज येण्यापूर्वीच त्याने ब्लेअर सोडले होते. वेढ्यात किल्ला लढवला तो सर अँड्र्यू ॲग्न्यू या सरकारी अधिकाऱ्याने, सुमारे तीनशे शिपायांनिशी. भाऊ एकमेकांसमोर आलेच नाहीत.

‘नाटक आहे, एवढे स्वातंत्र्य घ्यायला हरकत नाही’ असे बहुतेकांचे मत पडले. मला ते मान्य करता आले नाही, आणि त्यामागे केवळ इतिहासाचा आग्रह नाही. समोरासमोर तलवारी भिडल्या की ती भाऊबंदकी होते. वतनासाठी भांडणारे भाऊ मराठी प्रेक्षकाने पुष्कळ पाहिले आहेत आणि तो त्यातला एक खलनायक पहिल्या पाच मिनिटांत ठरवून मोकळा होतो. इथे प्रकार वेगळा आहे. ज्या भावावर राग काढावा तो जागेवर नाही, आहे ते त्याचे घर, जे आपलेही घर आहे. त्या घरावर तोफ डागण्याचा हुकूम स्वतःच्या तोंडाने द्यायचा आहे. हे द्वंद्वापेक्षा फार अवघड आणि फार मोलाचे आहे. द्वंद्व काढले.

तारखांचा तक्ता पहिल्या दिवशी केला असता, तर हे सारे टळले असते. तक्ता करताना आणखी एक गोष्ट सांभाळावी : ब्रिटनमध्ये १७५२ पर्यंत जुनी ज्युलियन दिनगणना चालू होती, फ्रान्समध्ये नवी, आणि दोन्हींत अकरा दिवसांचा फरक होता. जेकोबाइटांचा शेवटचा पराभव झाला ती कलोडनची लढाई ब्रिटिश गणनेने १६ एप्रिल १७४६ ला झाली, नव्या गणनेने २७ एप्रिलला. आमच्या पहिल्या तक्त्यात फ्रान्सहून आलेली बातमी घटना घडण्याआधीच स्कॉटलंडला पोचली होती.

२१ जुलै

द्वंद्वाच्या जागी पत्र आले. ३ सप्टेंबर १७४५ रोजी, राजपुत्राकडे जाण्याच्या बेतात असताना, जॉर्जने जेम्सला पत्र लिहून आपला निर्णय कळवला. आपला जीव, मालमत्ता, बायकोमुलांचे सुख असे सगळे पणाला लागले आहे, आणि यश येण्याची शक्यता कमी आहे, हे त्यात तो स्वच्छ मान्य करतो. तरीही आपल्याला जे कर्तव्य आणि इभ्रत वाटते ते या सर्वांहून वरचढ ठरते, असे सांगतो.

हे पत्र जॉर्जने लिहिताना म्हणायचे की जेम्सने वाचताना, असा प्रश्न होता. लिहिताना म्हटले तेव्हा ते भाषण झाले. मग जेम्सच्या हाती दिले. तो उभ्याने, अंगावर प्रवासाचा झगा असताना वाचतो आणि ‘बायकोमुले’ या शब्दापाशी थांबतो. जेम्सला खलनायक होण्यापासून वाचवले ते या थांबण्याने. तोवर आमच्या संहितेत त्याला वीस वाक्ये होती आणि त्यांपैकी बहुतेक स्वतःची बाजू मांडणारी होती. ती सर्व काढून टाकली. आता त्याला चार वाक्ये आहेत आणि त्याची भूमिका आधीपेक्षा भरीव झाली आहे.

अशा घराण्यांनी मुद्दाम एकेक मुलगा दोन्ही पक्षांत ठेवून दोन्ही डगरींवर हात ठेवला, म्हणजे कोणीही जिंको, जमीन घरात राहावी, असा तर्क नेहमी केला जातो. तालमीत तो निघाला. आम्ही तो एका शिपायाच्या तोंडी कुजबुजीच्या रूपाने ठेवला आहे, भावांच्या तोंडी नाही. पणाला काय लागले आहे हे जाणून केलेल्या त्या पत्राच्या लेखनाला हिशेबीपणाचा वास आला असता, तर नाटकच कोसळले असते.

४ ऑगस्ट

कापड. इथे दोन आठवडे वाया गेले.

महाजालावर ‘ॲथॉल टार्टन’ (टार्टन म्हणजे चौकटीची स्कॉटिश वीण) म्हणून जे चित्र दिसते, त्याच्याशी जुळणारे चौकटीचे सुती कापड इचलकरंजीहून पंचवीस मीटर आणले, मीटरला ११० रुपये या भावाने. मग कळले की कुळागणिक ठरलेले टार्टन ही मुख्यतः एकोणिसाव्या शतकातली व्यवस्था आहे. १७४६ मध्ये रणांगणावर आपला कोण आणि परका कोण हे चौकटीवरून ठरत नसे. टोपीवर पांढऱ्या फितीचे फूल म्हणजे जेकोबाइट, काळे म्हणजे सरकारी. हे समजल्यावर आमचे काम उलट सोपे झाले, कारण नऊ नटांना दोन्ही पक्षांची माणसे करायची आहेत आणि फितीचे फूल विंगेत दोन सेकंदांत बदलता येते.

आणलेल्या सुती कापडाला वजन नव्हते. पट्ट्याने बांधून नेसायची हायलंडर, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, लोकांची लांबरुंद प्लेड कमरेखाली घागऱ्यासारखी पडली पाहिजे. सुती कापड पंख्याच्या वाऱ्यावर फडफडत होते. दुसरा प्रयोग धनगरी घोंगडीचा केला. दिसायला ती अस्सल वाटली, परंतु दिव्यांखाली दहा मिनिटांत नट घामाने निथळले आणि जाड विणीमुळे निऱ्या बसेनात. शेवटी मिश्र लोकरीचे शालीचे कापड २६० रुपये मीटरने पंचवीस मीटर घेतले. घोंगडी वाया गेली नाही. ग्लेनफिननला १९ ऑगस्ट १७४५ रोजी उठावाचे निशाण फडकावणारा विल्यम तेव्हा आजाराने अकाली म्हातारा झालेला होता आणि त्याला आधार देऊन उभे करावे लागत होते. ती घोंगडी त्याच्या खांद्यावर आहे.

नेसण्याची पद्धत अशी की कापड जमिनीवर पसरायचे, मधोमध निऱ्या घालायच्या, खालून पट्टा सारायचा, त्यावर आडवे व्हायचे आणि पट्टा आवळून उठायचे. आमच्या नटांना याला अकरा मिनिटे लागत होती. वेशबदलाला उपलब्ध वेळ चार मिनिटे. उपाय वेशभूषा सांभाळणाऱ्या काकूंनी काढला. त्या चाळीस वर्षे नऊवारी नेसत आल्या आहेत. त्यांनी निऱ्या आधीच घालून आतल्या बाजूने नेफा शिवला, त्यात नाडा ओवला आणि वरून चामड्याचा पट्टा दिला. आता अडीच मिनिटे लागतात. निऱ्या मागे हव्यात आणि पुढचा भाग सपाट, हे त्यांना दोनदा सांगावे लागले, कारण त्यांचा हात आपोआप पुढे निऱ्या घालीत होता.

१८ ऑगस्ट

तलवारी. प्लायवुडच्या तलवारी तालमीच्या तिसऱ्या दिवशी मोडल्या. नंतर सहा मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या घेतल्या. कडा बोथट ठेवल्या तरी पाती आपटल्यावर त्यांवर करवतीसारखे दाते येतात. प्रत्येक तालमीनंतर कानशीने घासल्याशिवाय त्या कोणाच्या हाती देऊ नयेत. एका नटाच्या मनगटावर ओरखडा उठल्यानंतर आम्ही हा नियम केला, आधी करायला हवा होता.

हायलंडर तलवारीची मूठ पिंजऱ्यासारखी असते, लोखंडी पट्ट्यांनी हात पूर्ण झाकणारी. वेल्डिंगवाल्याने पहिला पिंजरा चित्राबरहुकूम केला, पण आत मनगट वळेना. पिंजरा दीड सेंटिमीटर रुंद केला आणि आतून नमदा लावला, मग हात मोकळा झाला. ढाल, म्हणजे टार्ज, गोल आणि डाव्या हातावर बांधायची असते. मूळ ढालीत लाकडाचे दोन थर उभ्या-आडव्या रेषेत जोडून वर चामडे ताणत आणि पितळी खिळे ठोकत. आम्ही प्लाय आणि रेक्झिन वापरले. पाच तलवारी आणि पाच ढाली मिळून चौदा हजार सहाशे रुपये झाले.

द्वंद्व गेले तरी वस्तादांची मेहनत वाया गेली नाही. वेढ्याच्या आदल्या रात्री जॉर्जच्या माणसांनी ॲथॉलमधल्या सुमारे तीस सरकारी चौक्यांवर एकाच वेळी छापे घातले. पहिल्या अंकाच्या शेवटी त्यांतल्या एका चौकीवरची तीन मिनिटांची झटापट आहे. डाव्या हातात ढाल आणि उजव्यात तलवार हा प्रकार आपल्या फरी-गदक्याला इतका जवळचा आहे की नटांचे पाय आधीच तयार होते. फिरकी आणि उड्या मात्र वस्तादांनी स्वतः काढून टाकल्या. ‘अंधारात, दाराच्या चौकटीत, माणूस फिरकी घेईल कशाला?’ असे ते म्हणाले. हायलंडर ढालीवर वार घेऊन आत शिरतो. त्यांनी तेवढेच ठेवले.

८ सप्टेंबर

या नाटकातला मला सर्वांत प्रिय प्रवेश ब्रुआरच्या पुलाचा आहे, आणि त्यानेच सर्वांत जास्त छळले.

छापे घालायला गेलेल्या टोळ्यांनी पहाटे ब्रुआरच्या पुलापाशी जमायचे असा बेत होता. जॉर्ज तिथे पोचला तेव्हा त्याच्याजवळ जेमतेम पंचवीस माणसे होती, आणि ॲग्न्यू मोठी तुकडी घेऊन किल्ल्यातून निघाल्याची खबर आली. मागे हटावे, असे काहींनी सुचवले. जॉर्जने जवळच्या मातीच्या बांधामागे आपली माणसे दूरदूर उभी केली, निशाणे लांबवर पसरली आणि सूर्य वर येताच पाइपवाद्ये (बॅगपाइप) वाजवून तलवारी परजायला लावल्या. समोर सबंध फौज आहे असे समजून ॲग्न्यू किल्ल्यात परतला. तलवारीला तलवार न लागता जिंकलेली ही चकमक आहे. सहा नटांना फौज भासवायची असल्यामुळे आमची आणि जॉर्जची अडचण एकच होती.

पहिला उपाय : बांधामागे एका लांब लाकडी पट्टीवर बारा पाती बसवली आणि दोरीने पट्टी वर उचलली. कुंपण वर आल्यासारखे दिसले. दुसरा उपाय : पट्टीचे तीन तुकडे केले, तीन वेगळ्या दोऱ्या, वेगळ्या वेळी. सुधारणा झाली, पण पाती सरळ उभी राहत होती आणि माणसाच्या हातातली तलवार सरळ उभी राहत नाही. तिसरा उपाय आमच्या प्रकाशयोजना करणाऱ्या तरुणाने सुचवला : पाती स्प्रिंगवर बसवायची. आता दोरी ओढली की प्रत्येक पाते वर येऊन क्षणभर थरथरते आणि आपापल्या कोनात स्थिरावते. एकच दिवा उजव्या विंगेतून, जमिनीपासून दोन फुटांवर ठेवला आहे. तो उजळत जातो तसा प्रकाश पात्यांच्या टोकांना आधी लागतो आणि बांध मात्र काळाच राहतो. स्प्रिंगांचा खर्च अवघा ३६० रुपये आला.

२२ सप्टेंबर

पडदा रंगवणाऱ्याला ब्लेअर किल्ल्याची आजची छायाचित्रे दिली, ही माझी चूक. आज दिसणारे किल्ल्याचे रूप १८७० च्या सुमारास डेव्हिड ब्राइस या वास्तुविशारदाने दिलेले आहे. निम्मा पडदा पुन्हा रंगवावा लागला. चार हजार रुपये आणि नऊ दिवस गेले. आता पडद्यावर केवळ एक जाड बुरूज आणि छप्पर आहे. प्रेक्षकाला तेवढे पुरते.

तापवलेल्या गोळ्यांचा प्रवेश अजून बसलेला नाही. जॉर्जजवळच्या तोफा लहान होत्या, जाड भिंतींपुढे त्यांचे काही चालेना, म्हणून छपराचे लाकूड पेटवण्यासाठी गोळे लाल तापवून डागले. आत शिपाई ते गोळे स्वयंपाकघरातल्या लोखंडी डावाने उचलून पिंपांत बुडवीत. आम्ही पारदर्शक प्लास्टिकच्या चेंडूत नारिंगी दिवा ठेवला, तो उत्तम दिसतो. अडचण आवाजाची आहे. ध्वनिमुद्रित ‘चर्र’ कधी चेंडूच्या आधी वाजतो, कधी नंतर.

६ ऑक्टोबर

आवाजाचा प्रश्न सुटला. मुद्रित ध्वनी काढून टाकला. विंगेत इलेक्ट्रिक शेगडीवर लोखंडी तुकडा तापत असतो आणि मंचावरचा चेंडू पिंपात पडताना पाहूनच आमची एक मुलगी तो सांडशीने पाण्यात सोडते. समोर ध्वनिक्षेपक आहे. वाफेचा थोडा वासही पहिल्या रांगांपर्यंत पोचतो. शेजारी वाळूची बादली ठेवली आहे आणि ती तिथेच आहे याची खात्री प्रत्येक प्रयोगाआधी करायची आहे.

पाइपवादक मिळाले. लष्कराच्या पायदळातून निवृत्त झालेले एक गृहस्थ बेळगावहून येतात. मराठा पलटणीच्या पाइप बँडमुळे हे वाद्य आपल्या भागाला परके नाही. मंचावर वाजवले तेव्हा नटांचा एकही शब्द ऐकू येईना, कारण या वाद्याला लहान-मोठा आवाज नसतो, ते एकाच ताकदीने वाजते. आता ते प्रेक्षागृहाच्या मागच्या दाराबाहेर उभे राहून वाजवतात आणि दार किती उघडायचे ते एक कार्यकर्ता ठरवतो. शब्द संपेपर्यंत दार बंद, पाती वर येताना सताड उघडे.

२० ऑक्टोबर

संपूर्ण तालीम झाली. दोन तास पंचवीस मिनिटे. दोन तास दहा मिनिटांत बसवणे आवश्यक होते. एक प्रसंग कापायचा होता आणि दोन उमेदवार होते. दोन्ही हकिकती वेढ्याच्या आठवणींत सांगितल्या जातात. एकीत शिपायांनी ॲग्न्यूचा कोट चढवून बुजगावणे बुरुजाच्या खिडकीत उभे केले, बाहेरच्यांनी त्यावर गोळ्या वाया घालवल्या, आणि ॲग्न्यूने ज्याने ते उभे केले त्यालाच खिडकीत जाऊन ते काढायला लावले. दुसरीत जॉर्जचा शरणागतीचा निरोप घेऊन गावातल्या खाणावळीची मुलगी मॉली किल्ल्यापाशी जाते, कारण ॲग्न्यूच्या रागामुळे दुसरे कोणी जायला धजत नाही. बुजगावणे अधिक हमखास टाळी घेते. तरी तेच कापले. मॉली गेली असती, तर वेढ्याच्या दोन्ही बाजूंना ओळखणारे एकमेव माणूस नाटकातून गेले असते.

३ नोव्हेंबर

काल प्रयोग झाला. खर्च ९३,४०० रुपये; म्हणजे तीन हजार चारशेने जास्त. चुकांपायी गेलेल्या रकमेत पडदा आणि पहिले कापड मिळून पावणेसात हजार होतात, म्हणजे तारखा आणि चित्रे आधी तपासली असती तर ठरल्या पैशात नाटक झाले असते.

चुका दोन. ब्रुआरच्या प्रवेशात मधली दोरी अडकली आणि आठच पाती वर आली. बाहेरून कोणाला कळले नाही. झटापटीत एका ढालीचा हातपट्टा तुटला. रेक्झिनचा पट्टा बदलून खऱ्या चामड्याचा लावायला दिला आहे.

शेवटच्या प्रवेशाविषयी लिहिले पाहिजे. २ एप्रिलला वेढा उठला, कारण राजपुत्राने जॉर्जला इन्व्हर्नेसकडे परत बोलावले. पुढे चौदा दिवसांनी कलोडन. विल्यम जुलैमध्ये लंडनच्या टॉवरमध्ये मेला, जॉर्ज १७६० मध्ये हॉलंडमधल्या मेडेम्ब्लिक गावी, परतीचा रस्ता बंद असताना. आणि जेम्सची मुलगी शार्लट हिने जॉर्जच्या मुलाशी लग्न केले, आणि १७६४ मध्ये जेम्सच्या पश्चात तोच ॲथॉलचा ड्यूक झाला. हे सारे सांगणारे निवेदन आमच्याजवळ तयार होते. शेवटच्या चार तालमींत ते म्हटले आणि प्रत्येक वेळी जॉर्जचे निघून जाणे पुसले गेले. परवा रात्री ते काढले. लग्नाची हकिकत प्रयोगाच्या पत्रिकेवर छापली.

आता वेढा उठवण्याचा हुकूम दिल्यावर जॉर्ज मंचावर एकटा उरतो. जाताना त्याने किल्ल्याकडे पाहावे की नाही, हे आम्ही नटावर सोडले होते. काल तो पाठमोरा चालत विंगेपर्यंत गेला, तिथे थांबून त्याने टोपीवरचे पांढरे फूल नीट बसवले आणि बुरुजाकडे न पाहता ‘छप्पर गळेल आता तुझं’ एवढे वाक्य हळू म्हटले. ते संहितेत नव्हते. स्वगतातला ‘तू’ त्याने स्वतः शोधून तिथे आणला होता. आज सकाळी ते वाक्य मी संहितेच्या मूळ प्रतीत लिहून घेतले.

पुढचा प्रयोग २४ नोव्हेंबरला आहे. त्याआधी दोऱ्यांना मेण लावायचे आहे.